दरवाजा आढळला नाही

मी इतिहासात एम.ए. केलं, कारण फार्मसीच्या यादीत माझं नाव लागलं नाही. आवड वगैरे कारणं मी नंतर मुलाखतींसाठी तयार केली. आमचं घर लासूर स्टेशनला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते सकाळी शेत बघायचे आणि मग बाजार समितीत मापाडी म्हणून काट्यापाशी उभे राहायचे. प्रवेशाचं सांगितलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "इतिहास म्हंजे होऊन गेलेलंच ना? मग त्यात नापास व्हायचं काय कारण नाय." आईनं विचारलं, विद्यापीठात जेवायची सोय काय. एवढ्यावर तो विषय संपला.

मी सकाळच्या गाडीनं ये-जा करायचे. गाडीतून दौलताबादचा किल्ला दिसतो. पहिला आठवडा मी तो रोज नीट बघितला. नंतर नेमकी त्याच टप्प्यात मला डुलकी लागायची. स्टेशनवर उतरून बस, बसमधून उतरून विद्यापीठाच्या आत बरंच चालणं. मागं डोंगर, डोंगरात लेणी, अलीकडं मकबऱ्याचे मिनार. बाहेरगावचे पाहुणे यायचे तेव्हा म्हणायचे, अशा ठिकाणी इतिहास शिकायला मिळतो हे तुमचं भाग्य. आम्ही हो म्हणायचो आणि बसची वेळ बघायचो.

मी शिकत असतानाच शहराचं नाव बदललं. डब्यात काही लोक जुनं नाव घ्यायचे, काही नवं. दादा पहिल्यापासून नुसतं 'शहर' म्हणायचे, त्यामुळं त्यांना काही बदलावं लागलं नाही.

आम्हाला मध्ययुग शिकवणारे सर निवृत्तीला आलेले होते. ते इतकं हळू बोलायचे की तिसऱ्या बाकापासून मागं फक्त ओठ दिसायचे. पण त्यांची एक सवय होती. महिन्यातून एका रविवारी ते वर्गाला घेऊन बाहेर पडायचे. कधी खुलताबाद, कधी पैठण, कधी वेरूळच्या वाटेवरच्या बारवा. दौलताबादला किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयारात त्यांची बॅटरी बंद पडली. वटवाघळं उडायला लागली. सरांनी वाक्य तोडलं नाही. त्याच आवाजात, अंधारातच, ते शत्रूला इथं कसं फसवायचे हे सांगत राहिले, आणि भुयार असल्यामुळं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. बाहेर आलो तेव्हा मला जाणवलं की मी फार्मसीचा विचार बऱ्याच दिवसांत केलेला नाही.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प आला. शहराला बावन्न दरवाजे होते असं म्हणतात. सरांनी प्रत्येकाला एक दरवाजा वाटून द्यायचं ठरवलं. चिठ्ठ्या त्यांच्या डब्याच्या झाकणात टाकल्या आणि झाकण बाकांवरून फिरवलं. बाकावरच्या माझ्या शेजारणीला भडकल दरवाजा आला. एकाला दिल्ली दरवाजा, एकाला पैठण दरवाजा. दरवाजे मोठे, रस्त्यावर उभे, फोटो काढायला सोपे. माझ्या चिठ्ठीवर जे नाव होतं ते मी कधी ऐकलं नव्हतं. वर्गातही कुणी ऐकलं नव्हतं.

मी सरांना विचारलं, हा कुठं आहे. ते म्हणाले, जुन्या यादीत आहे, जागेवर बहुधा नाही. मग मी काय लिहू, असं विचारलं.

"शोधा," सर म्हणाले. "न सापडणं हाही निष्कर्ष असतो. पण तो शोधून काढावा लागतो."

मी तीन महिने शोधत होते. शेजारणीचा भडकल दरवाजा पहिल्याच दिवशी सापडला होता. रिक्षावाले नाव ऐकून मान हलवायचे आणि दुसऱ्या एखाद्या दरवाजाला सोडू का विचारायचे. एका अत्तरवाल्यानं सांगितलं, त्याच्या आजोबांच्या काळात तो पडला. तिथून पंधरा पावलांवरच्या बेकरीवाल्यानं सांगितलं, पडला नाही, असा दरवाजा कधी नव्हताच. पानाच्या टपरीवरचा एक माणूस मात्र ठामपणे म्हणाला की तो दरवाजा चिकलठाण्याला आहे. मला ते पटलं नाही, तरी बसनं गेले. तिथं त्याच नावाचं मंगल कार्यालय होतं आणि त्याला सिमेंटची मोठी कमान होती. वॉचमननं मला ती हौसेनं दाखवली. रंग नुकताच दिलेला होता. मी वहीत तिचीही नोंद केली, कारण दुसरं लिहायला काही नव्हतं.

एप्रिल संपत आला आणि दरवाजाच्या शोधात कुकरची भर पडली. आमच्या घरच्या कुकरचं झाकण बसेना. गावातल्या मिस्त्रीनं ते हातोडीनं ठोकून बसवलं, तेव्हापासून ते निघेना. आईनं तो भाताच्या वासासकट पिशवीत घातला आणि म्हणाली, "शहरात हिंडतीसच, तर एवढा दाखव कुणाला." मी वह्यांची पिशवी एका खांद्याला आणि कुकरची दुसऱ्या खांद्याला लावून गाडीत बसले. त्या दिवशी मला लगेच बसायला जागा मिळाली.

जुन्या शहरातल्या एका गल्लीत दुकान सापडलं. कुकर, गॅस शेगडी, मिक्सर दुरुस्त होतील, असं पत्र्यावर लिहिलेलं. आत सत्तरीचे एक गृहस्थ बसलेले होते. चष्म्याची एक दांडी तारेनं बांधलेली. त्यांनी कुकर मांडीवर घेतला आणि सगळ्या बाजूंनी फिरवला.

मग त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, आमच्याकडच्या मिस्त्रीनं. हातोडीनं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी कुकर खाली ठेवला आणि तासभर लागेल म्हणाले. ऊन फार होतं. मी पाणी मागितलं. त्यांनी मागच्या पडद्याकडं तोंड करून आवाज दिला, आणि पडद्याआडून एका बाईंनी मलाच आत बोलावलं. दुकानात पत्रा तापतो, आत थंड आहे, म्हणाल्या.

आत स्वयंपाकघर होतं. खरंच थंड होतं. बाई साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, ओढणीचं टोक कमरेला खोचलेलं. पुढं मी त्यांना खाला म्हणायला लागले आणि त्यांच्या यजमानांना चाचा. त्यांनी माठातलं पाणी दिलं. मी पाणी पीत समोरच्या भिंतीकडं बघत होते. बाकीच्या तीन भिंती विटांच्या, निळ्या रंगाच्या. ही एक काळ्या दगडाची होती. दगड हातभर लांबीचे, सांध्यात चुना. वर चार-पाच दगड एकापुढं एक वळत गेलेले आणि मग पत्र्याच्या छतात घुसलेले. म्हणजे कमानीची सुरुवात. एका कोपऱ्यात भिंतीतून एक भोकाचा दगड बाहेर आला होता. असल्या दगडात मोठ्या दाराचा खांब फिरतो. खालांनी त्या भोकातून एक सळई घातली होती आणि तिला झारा, पळ्या आणि उलथणं लटकवलं होतं.

"ये दीवार?" मी विचारलं.

"दरवाजा है," खाला म्हणाल्या. "आधा. आधा उधरवालों के घर में था, वो गिर गया."

"कौनसा दरवाजा?"

त्यांनी नाव सांगितलं. माझ्या चिठ्ठीवरचं नाव.

मी ग्लास खाली ठेवला. मग परत उचलला, कारण मी तो ओट्यावर ठेवला होता आणि ओटा म्हणजे पहारेकरी बसायची देवडी होती. त्यावर गॅसची शेगडी होती आणि शेगडीवर डाळ. मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी वाटलं की आपण काहीतरी न विचारता उघडलं आहे.

बाहेर येऊन मी चाचांना सगळं सांगितलं. विद्यापीठ, चिठ्ठी, अत्तरवाला, चिकलठाण्याचं मंगल कार्यालय. ते कानस थांबवून ऐकत होते. ते गिऱ्हाइकांशी मराठीत बोलायचे आणि घरात दखनीत, आणि मधूनच दोन्हीची सरमिसळ करायचे. त्यांनी विचारलं, प्रकल्प लिहिल्यावर तो कोण वाचतं. मी म्हटलं, सर वाचतात, परीक्षक वाचतात, नंतर ग्रंथालयात राहतो.

"मग लिहू नका," चाचा म्हणाले.

त्यांनी कारणही सांगितलं. त्यांच्या बहिणीच्या घराला लागून दुसऱ्या एका गावात एक जुनी वास्तू होती. कुणीतरी ती कागदावर नेली आणि तिला पाटी लागली. बहिणीला मुलीच्या लग्नाआधी संडास बांधायचा होता. लग्न झालं, मुलीला दोन लेकरं झाली, तरी परवानगीचा कागद फिरतोच आहे. "पाटी लागली की घर आपलं राहत नाही," ते म्हणाले. "पाटीचं होतं."

मी म्हटलं की न लिहिलं तर माझा प्रकल्पच राहत नाही. ते म्हणाले, तेही खरं आहे, आणि पुन्हा झाकणाची कड घासायला लागले. त्यांनी शब्द मागितला नाही. कुकरमध्ये पाणी घालून शेगडीवर चढवला, शिट्टी होऊ दिली, झाकण उघडून दाखवलं. मजुरी बोलले होते तेवढीच घेतली. कमी घेतली असती तर मला जड गेलं असतं.

त्या संध्याकाळी आई कुकरवर खूश होती. मी दादांना विचारलं, एखादी गोष्ट सापडली आणि सापडली नाही असं लिहिलं, तर ते किती वाईट. दादांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, मापात खोटं म्हणजे खोटंच, त्यात किती काय बघायचं. मग जेवता जेवता त्यांना आणखी काही सुचलं असावं.

"आकडा खराच घालायचा," ते म्हणाले. "पण माल कुणाचा, आन त्यानं काट्यावर घ्यायला सांगितला व्हता का, ते आदी बघायचं."

मी दोन दिवस त्यावर विचार केला. वर्गातल्या मुलांना जे दरवाजे आले होते ते कुणाच्या घरात नव्हते. माझा होता. त्यात डाळ शिजत होती.

शनिवारी मी पुन्हा गेले आणि चाचांना सांगितलं की मी लिहिणार नाही. त्यांनी मान हलवली. मग मी म्हटलं, पण मला तो मोजू द्या. त्यांना हे चमत्कारिक वाटलं.

"लिहायचं नाही तर मोजून काय करणार?"

"माझ्यापाशी ठेवीन."

त्यांनी आत विचारायला सांगितलं. खालांनी अट घातली की बारा वाजायच्या आत आटपायचं, कारण नंतर पोळ्या असतात.

असे पाच शनिवार झाले. टेपचं एक टोक मी धरायचे, एक खाला. त्यांना आकड्यांत रस नव्हता, पण टेप ताणून धरायचं काम त्या फार चोख करायच्या. मसाल्याच्या बरण्या कोनाड्यातून उतरवायच्या, मोजून झालं की परत लावायच्या, आणि दर वेळी मला हळदीची बरणी चुकीच्या जागी ठेवली म्हणून बोलणी बसायची. जाडी मोजायला दुकानाच्या बाजूनं एक फट होती, तिथून टेप घालावी लागली. सव्वासहा फूट भरली. खालांनी सांगितलं की लग्न होऊन आल्या तेव्हा ही भिंत त्यांना आवडली नव्हती. माहेरी सगळ्या भिंती सरळ होत्या. सासूनं सांगितलं होतं की ही भिंत उन्हाळ्यात पिठाला आळी होऊ देत नाही, तेव्हा तिला नावं ठेवू नकोस. मी हेही वहीत लिहून घेतलं. घरी येऊन मी आलेखाच्या कागदावर भिंत काढली. प्रत्येक दगड. वर्षभरात मी इतकं नीट दुसरं काही केलं नव्हतं.

प्रकल्पात मी लिहिलं की सदर दरवाजा प्रत्यक्ष पाहणीत आढळला नाही. अत्तरवाला, बेकरीवाला, चिकलठाण्याची कमान, सगळं आलं. न सापडण्यावर त्रेचाळीस पानं झाली. बांधून दिला आणि मग लक्षात आलं की एक चूक झाली आहे. ऋणनिर्देश मी शेवटी घाईत लिहिला होता आणि त्यात आई-दादा, सर, ग्रंथालयातले कर्मचारी यांच्यानंतर, कुकर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी यांचेही आभार मानले होते. तोवर प्रती जमा झाल्या होत्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांनी इतरांचे प्रकल्प चाळले होते, माझा मात्र ऋणनिर्देशापासून वाचला होता. त्यांनी विचारलं, दरवाजा न सापडण्यात कुकर दुरुस्त करणाऱ्यांचा काय सहभाग.

"त्यांनी पाणी दिलं, सर," मी म्हटलं.

परीक्षकांनी आमच्या सरांकडं बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. परीक्षक म्हणाले की उन्हाळ्यात क्षेत्रपाहणी करताना पाण्याचं महत्त्व असतंच, आणि पुढचा प्रश्न शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या नहरींवर विचारला. तो मला आला नाही.

बाहेर व्हरांड्यात मी शेजारणीची वाट बघत उभी होते. सर शेजारी येऊन थांबले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कुकरवाल्यांकडची भिंत केवढी जाड आहे?"

"सव्वासहा फूट," मी म्हणाले, आणि मग कळलं आपण काय बोललो ते.

सरांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं की त्या लोकांनी लिहू नको म्हणून सांगितलं का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, ठीक आहे, मार्क कमी पडतील, त्यात मी काही करू शकत नाही. मी म्हटलं, चालेल. सर जायला निघाले आणि परत वळले.

"मला एकदा न्याल का?" ते म्हणाले. "मी वही आणणार नाही."

निकाल लागल्यावर मी चाचांना विचारून सरांना नेलं. सरांनी येताना घरचा एक जुना कुकर आणला होता. मला वाटतं नुसतं बघायला जाणं त्यांना बरं वाटलं नसावं. चाचांनी कुकर ठेवून घेतला आणि त्यांना आत पाठवलं. सर भिंतीसमोर उभे राहिले. त्यांनी वळत्या दगडांखाली तळहात ठेवला. खाला म्हणाल्या, जरा संभालके, शेगडी गरम है. सरांनी हात काढला नाही, नुसते थोडे बाजूला सरकले.

चहा घेताना सर चाचांना म्हणाले की विद्यार्थी असताना याच दरवाजासाठी ते दोन वर्षं हिंडले होते. या गल्लीतही आले असतील. तेव्हा प्रत्येक दुकानात विचारलं होतं.

"आले असाल," चाचा म्हणाले. "माझे वालिद दुकानात बसायचे. सगळ्यांना एकच सांगायचे, गिर गया."

"मग हिला कसं सांगितलं?"

"हिला आम्ही नाही सांगितलं. हिनं पाणी मागितलं."

सरांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावरून मला कळेना की त्यांना वाईट वाटलं की बरं. परत येताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "मी तेव्हा पाण्याची बाटली घेऊन फिरायचो." त्यानंतर ते वर्षातून दोन-तीनदा स्वतःच चाचांकडं जायला लागले. कुकर एकच होता, त्यामुळं नंतर मिक्सर आणि शेगडीही नेली.

मी एम.ए. झाले. मार्क कमीच पडले. नोकरीसाठी दोन-चार ठिकाणी अर्ज केले, आणि शेवटी पर्यटकांना लेणी दाखवायचं प्रशिक्षण घेतलं. आता मी आठवडाभर वेरूळला असते आणि रविवारी सकाळी जुन्या शहरात दरवाजांची फेरी काढते. लोक चालायचे बूट घालून येतात. दादांना याचं आश्चर्य वाटतं की माणसं सुटीच्या दिवशी उठून दुसऱ्याच्या गल्लीत चालायला येतात, पण ते म्हणतात, चालतायत तर चालू दे.

चाचा एका हिवाळ्यात गेले. आजारी फार नव्हते. मला चौथ्या दिवशी कळलं. मी गेले तेव्हा दुकान बंद होतं आणि आतून कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता, आणि तो ऐकून मला रडू आलं. खालांनी मला शेजारी बसवलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. सर आधीच येऊन गेले होते.

चाचांचा मुलगा वाळूजला कंपनीत आहे, बजाजनगरला भाड्यानं राहायचा. वर्षभरानं त्यानं जुनं घर पाडून दोन मजली बांधायचं ठरवलं. आईला एकटं ठेवायचं नव्हतं आणि त्याच्या मुलांना खोल्या हव्या होत्या. एका दुपारी त्याचा मला फोन आला. भिंतीचा प्रश्न होता. ठेकेदारानं दोन दिवस मशीन लावून बघितलं होतं. भिंतीचा कोपरा तेवढा खरवडला होता आणि मशीनचं टोक तुटलं होतं. आता ठेकेदार म्हणत होता की भिंत ठेवूनच नकाशा काढू, पण मग मापं लागतील.

"अम्मी बोली, आपके पास नाप है," तो म्हणाला.

मी आलेखाचे कागद घेऊन गेले. ठेकेदाराच्या इंजिनिअरनं ते टेबलावर पसरले आणि विचारलं, हे कुणी काढलं. मी म्हटलं, मी. तो म्हणाला, चांगलं आहे, पण मापं फुटात का. मी म्हटलं, टेप तसली होती. त्यानं मोबाइलवर भराभर मीटर केले. प्रत्येक दगड दाखवलेला होता, त्याला फक्त लांबी आणि जाडी हवी होती. वर्षभरानं घर झालं. खाली पार्किंग, वर खोल्या. भिंत पार्किंगमध्ये आहे. मुलाची मोटरसायकल तिला टेकून असते. ओटा काढला, पण देवडीचा दगड हलला नाही, त्यावर आता पाण्याच्या मोटरीचं बटण आहे. भोकाच्या दगडाला नातीनं सायकलचं कुलूप अडकवलं आहे. खाला वरून रोज उतरून भिंतीपाशी खुर्ची टाकून बसतात. वरचं स्वयंपाकघर तापतं म्हणतात.

माझी रविवारची फेरी त्या गल्लीच्या तोंडावरून जायची. मी तिथं थांबत नसे. कुणी विचारलं, इकडं काही आहे का, तर इकडं घरं आहेत, असं सांगायचे. ते खरंच होतं. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी चौदा जण बरोबर होते. खाला गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या गाड्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, ही माणसं काय बघायला आली आहेत. मी म्हटलं, दरवाजे.

"तो अंदर लाओ ना," खाला म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात आठवण करून दिली की मी चाचांना शब्द दिला आहे.

"वो तुमारा और उनका था," त्या म्हणाल्या. "मेरे कू किसी ने कुछ नहीं पूछा. और घर अब मेरे नाम पे है."

बोलता बोलता त्या मेथीची जुडी हातात घेऊन पुढं निघाल्या होत्या आणि चौदाही जण त्यांच्या मागं. त्यांनी एका तरुणाला मोटरसायकल बाजूला घ्यायला लावली. मग भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. लग्नाचं, सासूचं, पिठाचं, झाऱ्या-पळ्यांचं. मशीनचं टोक तुटलं तेही सांगितलं, तेव्हा लोकांनी वर बघितलं. मी वर्षानुवर्षं फेरी काढते, पण माझ्याकडं लोक असे मोबाइल खाली ठेवून ऐकत नाहीत.

एकानं विचारलं, भिंत किती जाड असेल. खाला म्हणाल्या, दस फुट.

"सव्वासहा," मी म्हटलं.

खालांनी माझ्याकडं बघितलं. "लिख के रखा क्या?"

"हो."

"फिर इसका सच," त्या लोकांना म्हणाल्या.

पुण्याच्या एका बाईंनी दरवाजाचं नाव विचारलं. खालांनी सांगितलं आणि त्या बाईंनी ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. तेव्हा आता ते जगजाहीर आहे असं म्हणायला हरकत नाही. मी मात्र अजून कुठं लिहिलेलं नाही, इथंही नाही. खाला म्हणतात त्यात तथ्य आहे, पण शब्द मी त्यांना दिला नव्हता.

सरांना मी फोन करून हे सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळं दोनदा सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, खालांनी सांगितलं ते लोकांना कळलं का. मी म्हटलं, माझ्या सांगण्यापेक्षा चांगलं कळलं. सर म्हणाले, मग पुढच्या रविवारी मी पण येतो.

ते आले. फेरीत सगळ्यात मागं चालत होते. खालांनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि चहा झाला. कप कमी पडले, म्हणून तीन पाळ्या झाल्या. पुढच्या दरवाजाला आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि चौघं जण मधूनच रिक्षानं निघून गेले होते.